ऑस्की, पिन आणि त्यानंतर

जीएनएम ही नर्सिंगची पदविका झाल्यावर बरीच वर्षं मी पुण्यात आयसीयूत काढली आणि मग इंग्लंडला यायचं ठरवलं. ओईटी ही इंग्रजीची परीक्षा आणि सीबीटी ही नर्सिंगच्या ज्ञानाची संगणकावरची परीक्षा तिथूनच दिली. खरा वेळ गेला तो कागदपत्रांत. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची पडताळणी थेट एनएमसीकडे, म्हणजे ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे, जावी लागते. तिथे आपली घाई चालत नाही.

इथे आल्यावर ऑस्की, म्हणजे नोंदणीसाठीची प्रात्यक्षिक परीक्षा. एकूण 10 स्टेशन, म्हणजे छोट्या चाचण्या, त्यांतल्या काही नुसत्या लिहायच्या. बाकीच्या ठिकाणी करत जायचं आणि बोलत जायचं: आधी पेशंटचं नाव, जन्मतारीख, ॲलर्जी, मग परवानगी, मगच हात लावायचा. पेशंट किती खालावलाय ते आकड्यात सांगणारा न्यूज-2 चा तक्ता मला मनापासून आवडला. श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध, ताप, प्रत्येकाला गुण. बेरीज 7 किंवा त्यावर गेली की तातडीने मदत बोलवायची. पेशंट खालावतोय हे जुन्या सिस्टरला नजरेनं कळतं. नवख्या मुलीला मात्र मध्यरात्री डॉक्टरांना उठवायचं बळ हा आकडा देतो. आपल्याकडेही प्रत्येक वॉर्डात तो हवा.

पास झाले, पिन म्हणजे नोंदणी क्रमांक आला, बँड 5 ही नर्सची वेतनश्रेणी मिळाली. तरी सलाईनची सुई टोचायची मुभा नव्हती! त्यासाठी ट्रस्टचं, म्हणजे हॉस्पिटल चालवणाऱ्या संस्थेचं, वेगळं प्रशिक्षण, मग देखरेखीखाली करून दाखवायचं. सुरक्षिततेसाठी ते हवंच. पण व्हेंटिलेटरवरचे पेशंट सांभाळल्याची नोंद माझ्या फाइलमध्ये कुठेच नव्हती, हे मला पटलं नाही.

एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, 1948 साली सुरू झाली तेव्हापासून बाहेरून आलेल्यांनी ती उचलून धरली आहे. कॅरिबियन बेटांवरून नर्स आल्या, भारत-पाकिस्तानातून डॉक्टर आले. वृद्धांवरच्या उपचारांची शाखा इथल्या अनेक डॉक्टरांना नको असायची. ती उभी करण्यात आपल्याकडच्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. ते नुसती रिकामी जागा भरायला आले नव्हते, कामाची पद्धत घडवत होते. आज माझ्या वॉर्डात केरळ, फिलिपिन्स, नायजेरियाच्या मुली आहेत. कुणी डायलिसिस केलंय, कुणी नवजात बाळं सांभाळलीत.

हे मी वॉर्ड मॅनेजरना सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकलं. आम्ही दोघींनी मिळून एक पानी फॉर्म केला: आधी कुठे, कसलं काम केलंत, काय शिकवू शकाल. नव्या तुकडीला तो पहिल्याच आठवड्यात मिळणार आहे.