माळ्याच्या फळ्या

आज संध्याकाळी गावच्या घराच्या माळ्यावर अनवाणी चाललो. पायाला एक कुसळ टोचलं नाही.

सागवानी कडीपाट, आजोबांच्या वेळचा. धुराने काळाकुट्ट झालेला. काढून प्लायवूड टाकायचं जवळजवळ ठरलं होतं, पण सुतारकाकांनी एका फळीवर रंधा मारला आणि आतून मधाचा रंग निघाला. तिथेच विषय संपला.

आधी खिळे. डोकं वर राहिलेला एक खिळाही सँडरचा, म्हणजे लाकूड घासायच्या मशीनचा, पेपर फाडतो. जंबुऱ्याने उपटले, न निघालेले ठोकून खोल बसवले. मग 40 नंबरचा खरखरीत पेपर, 80, शेवटी 120 चा बारीक, आणि कायम लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवं घासलेले ओरखडे तेल लावल्यावर हमखास उठून दिसतात. वाळवीने पोखरलेल्या तीन फळ्या बदलल्या, तेही जुन्या सागाच्याच. भिंतीलगत बोटभर फट सोडली. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला जागा लागते.

आज जवसाचं तेल लावलं. कोणी करणार असाल तर एवढं ऐकाच: तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं, ढीग आपोआप पेटू शकतो. मी सगळ्या पाण्यात बुडवल्यात.

खिडकीजवळ भाताच्या कणगीचा गोल डाग आहे. काका म्हणाले, "अजून दोन हात मारले की जाईल."

म्हटलं, काका, तो राहू दे. आजी तिथेच बसून भात मोजायची.