बोट लागली ती नांगर टाकल्यावर

आमच्या घरात प्रत्येकाला काही ना काही लागतं. आईला घाटात गाडी, बहिणीला ऊन, मला बोट. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना एकदा लागली होती, पण ते थोडक्यात निभावलं. गेल्या मे महिन्यात मालवणला स्कूबाला गेलो तेव्हा मात्र तिने जुनी बाकी वसूल केली.

सकाळची फेरी चुकली, दुपारची मिळाली. दुपारी वारा धरतो, पाणी उसळतं. तरी होडी चालत होती तोवर मी मजेत होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ नांगर पडला, इंजिन थांबलं आणि ती जागच्या जागी डुलायला लागली. त्यात डिझेलचा वास. मी मान खाली घालून सूटची चेन ओढत बसलो. डोळ्यांना समोरची फळी स्थिर दिसते, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं की सगळं हलतंय, आणि दोघांच्या भांडणात मार खातं पोट. आधी जांभया आल्या, मग तोंडाला पाणी सुटलं, कपाळावर गार घाम. तेव्हा कुठे खिशातली अवोमिन, म्हणजे उलटीवरची गोळी, आठवली. ती निघण्याआधी घ्यायची असते. मी तेव्हा घेतली, आणि पाच मिनिटांत ती माशांच्या वाट्याला गेली.

होडी चालवणारा तांडेल हसला नाही, हे त्याचे उपकार. वारा जातो त्या अंगाला मला वाकवलं, मग टोकावरून उठवून होडीच्या मध्यावर बसवलं. तिथे हेलकावा कमी. "खाली बघू नको, थंय तटाकडे बघ." महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला तो तट इतक्या भक्तिभावाने कुणी पर्यटकाने पाहिला नसेल.

पोट रिकामं झाल्यावर जरा बरं वाटलं, म्हणून पाण्यात उतरलो. पंधरा-वीस फूट खाली गेलो आणि मळमळ चक्क ओसरली. अंग किंचित मागेपुढे होत होतं, बस. लाटेचा धुमाकूळ सगळा वरच्या वर. दोन लाटांच्या माथ्यांमधल्या अंतराच्या निम्मं खाली गेलं, की तो जवळपास संपतो.

तेव्हा विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरची कुरसुरा आठवली. १९६९ ते २००१ नौदलात राहिलेली ही पाणबुडी आता संग्रहालय आहे. ती दाखवणारा निवृत्त नौसैनिक म्हणाला होता, खोल गेलं की घरात बसल्यासारखं, हाल व्हायचे ते वर आल्यावर. बॅटऱ्या भरायला डिझेल इंजिनं चालवायची तर हवा हवी, म्हणजे वर येणं आलंच, आणि तो गोल पोटाचा सांगाडा लाटांवर नुसता लोळतो. मला तेव्हा ती बढाई वाटली होती.

माझाही सिलिंडर संपत आला. वर आलो, शिडी धरली, आणि पुन्हा तटाकडे बघत बसलो.

रात्री खानावळीत सुरमईचं ताट आलं. जमीन अजून हलत होती. मी सोलकढी पिऊन उठलो.