हात वर

कुणी काम टाळलं की आपण त्याच्या हातापायांवर येतो. त्याने हात वर केले, हात झटकले, कानांवर हात ठेवले, अंग काढून घेतलं. देणेकऱ्याने तर काखाच वर केल्या. चीड आहेच, पण बघण्याची मजाही आहे.

'बेजबाबदार'मध्ये ही मजा नाही. शिवाय तो शब्द बहुधा वरून खाली येतो: बाईंकडून मुलांकडे, सासूकडून सुनेकडे, नाले तुंबले की प्रशासनाकडून नागरिकांकडे. साहेबांना तोंडावर बेजबाबदार म्हणणारा कारकून मी तरी पाहिलेला नाही. तो दुपारी डबा उघडताना, आवाज उतरवून म्हणतो, "साहेबांनी हात वर केले बघा."

स्वतःची पाळी आली की मात्र माणूसच वाक्यातून गायब! दूध उतू गेलं, कप फुटला, बिल भरायचं राहून गेलं. सगळं आपोआप. घरात हे खपून जातं. कचेरीत त्यालाच इस्त्री करतात: 'आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली असून योग्य ती कार्यवाही यथावकाश करण्यात येईल.' घेतली कोणी, करणार कोण? 'यथावकाश' म्हणजे कधी, हे तर विचारूच नये.

आमच्या कोपऱ्यावरच्या खड्ड्यात कुणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवली आहे. पालिका म्हणते, रस्ता बांधकाम खात्याचा. बांधकाम खातं म्हणतं, खोदला पाणीपुरवठ्याने. पाणीपुरवठा म्हणतो, ठेकेदाराला विचारा. ही टोलवाटोलवी. ज्याने फांदी खोचली त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्याच्या अखत्यारीतही ते येत नव्हतं.

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. महाराष्ट्रात बदल्या आणि विलंब या दोन्हींसाठी मिळून 2005 चा एक कायदा आहे. लोक त्याला दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात; पूर्ण नाव उच्चारायला घेतलं तर तिथेच दिरंगाई व्हायची. एका टेबलावर फाइल साधारणपणे कामाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहू नये, असं त्यात आहे. ठीक. सातव्या दिवशी समासात 'चर्चा करावी' एवढा शेरा मारला की फाइल पुढच्या टेबलावर. आता काढा बघू दिरंगाई कोणाची ते.