तुम्ही विचारलंत म्हणून: चर्चमधले फोटो हलत कसे नाहीत?

वसईत लग्न असो, पहिली कम्युनियन (मुलाने पहिल्यांदा ख्रिस्तशरीर घेण्याचा विधी) असो की गावचा सण, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपली की कुणीतरी मोबाईल पुढे करून विचारतंच, "आमचे फोटो असे धुरकट का येतात? तुझी लेन्स कितीची आहे?"

लेन्स जुनी, ५० एमएमची, एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं). चर्चमध्ये नेतो त्यातली सगळ्यात स्वस्त. कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम लेन्स पूर्ण झूम केली की एफ ५.६ वर अडते. एफ १.८ वर त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. एवढं लेन्सचं श्रेय. पण हीच लेन्स लावून मी मावसबहिणीच्या मुलीच्या पहिल्या कम्युनियनचे सगळे फोटो घालवले होते. शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, ठेवलं होतं १/३० सेकंदावर. मागचा खांब रेघ न् रेघ स्पष्ट, आणि पोरीचा चेहरा पुसल्यासारखा. हात हलला असता तर खांबही हलला असता. हलली होती ती. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, समोरच्याची मान नाही. मावसबहीण अजून ऐकवते.

तेव्हापासून माणूस असेल तर १/१२५ पेक्षा हळू शटर ठेवत नाही. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० करावा लागला तर करतो, ६४०० सुद्धा. फोटोत दाणे दिसतात, दिसू देत; दाणे कमी करता येतात, हललेलं नाक जाग्यावर आणता येत नाही. एक अडचण मात्र आहे. नवीन एलईडी दिवे बसवलेल्या चर्चमध्ये कधीकधी फोटोवर काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. तिथे मी १/१०० वर येतो, आणि आवाज नको म्हणून लावलेलं सायलेंट शटर बंद करतो. पट्ट्यांपेक्षा 'खट्' परवडलं.

एफ १.८ वर तीन मीटरवरून फोकसमध्ये राहतं जेमतेम वीतभर अंतर. म्हणून फोकसचा एकच बिंदू ठेवतो, तोही जवळच्या डोळ्यावर. फोकससाठी पेटणारा तो लाल-नारिंगी दिवा आधी बंद करा. फादरांच्या कपाळावर तो नाचलेला मी पाहिलाय. फ्लॅशबद्दल तर बोलूच नका.

पण खरं सांगू? मी लहानपणी वेदीसेवक होतो, त्याचाच उपयोग जास्त होतो. ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) उंचावलं की फादरांचे हात वर दोन-तीन सेकंद स्थिर असतात. तेवढ्यात १/६० सुद्धा चालतं. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या, रात्री बाहेरच्या अग्नीवरून पेटवलेली मोठी मेणबत्ती अंधाऱ्या चर्चमध्ये आणतात, आणि वाटेत तीन ठिकाणी थांबून ती उंच धरतात. चालताना टिपायला जाल तर ज्योतीची नुसती रेघ. मी दुसऱ्या थांब्यापाशी बाकाला टेकून, कोपर बरगडीला लावून आधीच उभा असतो. श्वास सोडतो, तीन फोटो सलग घेतो. पहिल्यात बोटाचा दाब असतो, मधला बहुतेक वेळा चांगला निघतो. मग एकमेकांच्या मेणबत्त्या पेटत जातात आणि चेहऱ्यांवर खालून उजेड येतो. आमच्याकडे विजेचे दिवे ग्लोरिया या स्तुतिगीतापर्यंत बंदच असतात, म्हणजे वेळ भरपूर.

त्या उजेडात म्हाताऱ्या बायकांची लाल लुगडी फार दगा देतात. पिवळ्या ज्योतीत लाल रंग इतका चढतो की चौकडी दिसेनाशी होते, नुसता लाल गोळा उरतो. एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा, आणि फाईल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) ठेवा, चौकडी परत मिळते. नाहीतर आजी फोटो बघून विचारतात, "माझं लुगडं असं कुठंय?"

मोबाईलवाल्यांनो, नाइट मोड माणसांवर लावू नका. तो बरेच फोटो एकावर एक रचतो. तेवढ्या वेळात वेदी हलत नाही, पण क्वायरमधली पोरं हलतात.