बापाला पिडायला सुपरहिरो झालेली पोरगी

आज सुट्टी, कामं ढीगभर पडलेली आणि मी दिवसभर काय केलं तर 'स्टार्स अँड स्ट्राइप' वाचून काढली. डीसी कॉमिक्सची १९९९ ची सुपरहिरो सिरीज, पुढच्याच वर्षी गुंडाळली, जेमतेम १५ अंक. कोर्टनी व्हिटमोर, शाळकरी पोरगी, दाताला तार, आईने दुसरं लग्न केलं आणि बेव्हर्ली हिल्समधून उचलून नेब्रास्कातल्या ब्लू व्हॅलीत आणून टाकलं म्हणून डोकं फिरलेलं. सावत्र बाप पॅट डूगन एकेकाळी साइडकिक, म्हणजे सुपरहिरोचा मदतनीस होता हे कळल्यावर ही बया त्याच्या जुन्या पार्टनरचा शक्ती देणारा पट्टा कमरेला बांधते, जग वाचवायला वगैरे नाही हां, निव्वळ बापाला पिडायला! आणि तो बिचारा रोबोट सूटमध्ये बसून तिच्या मागे मागे, म्हणजे परत साइडकिकच 😂

मारामारीची पानं भराभर उलटली, खरी मजा घरातल्या भांडणात आहे. लेखक जेफ जॉन्सची ही पहिलीच कॉमिक, आणि कोर्टनी त्याच्या बहिणीवरून घेतलेली, ती १९९६ ला टीडब्ल्यूए ८०० च्या विमान अपघातात गेली. हे मला शेवटी कळलं, मग पहिला अंक परत काढून बसले.

याच कोर्टनीवरची २०२० ची टीव्हीवरची 'स्टारगर्ल' कोणी बघितलीय का? पॅट तिथेही एवढाच बिचारा आहे का सांगा.