जर्मनीतला बटाटा: आधी पिशवीवरचा शब्द वाचा, मग बेत ठरवा

जर्मनीतल्या सुपरमार्केटात बटाटा सुटा क्वचितच मिळतो. दीड, अडीच, पाच किलोच्या जाळीदार पिशव्या रचलेल्या असतात आणि प्रत्येकीवर जातीच्या नावाशेजारी आणखी एक शब्द छापलेला असतो: फेस्टकोखेंड, फोरवीगेंड फेस्टकोखेंड किंवा मेलिशकोखेंड. पहिल्याच्या फोडी शिजल्यावरही शाबूत राहतात, तिसरा शिजला की फुटून भुसभुशीत होतो आणि दुसरा या दोघांच्या मधला. बऱ्याच पिशव्यांवर रंगही ठरलेले असतात, पहिल्याला हिरवा, मधल्याला लाल, भुसभुशीत बटाट्याला निळा. भारतातून नव्याने आलेली मंडळी स्वस्त दिसेल ती पिशवी उचलतात. मग बटाटेवडे तेलात फुटतात, नाहीतर रश्शातल्या फोडींचं पिठलं होतं. बिघाड हाताच्या चवीत नसतो, चुकीची पिशवी घरी आलेली असते.

आपल्याकडे मंडईत नवा की जुना, तळेगावचा की इंदुरी, एवढंच विचारलं जातं. सातगाव पठारावरच्या शेतकऱ्याला कुफरी ज्योती आणि कुफरी पुखराज या जातींतला फरक पक्का ठाऊक असतो, पण भाजीवाल्याच्या हातगाडीपर्यंत ती माहिती पोचत नाही. इथे ती गिऱ्हाइकाच्या हातात येते आणि तिचा पुरेपूर फायदा घ्यायला हवा.

सगळा खेळ स्टार्चचा आहे. भुसभुशीत बटाट्यात स्टार्च जास्त आणि पाणी कमी. शिजताना स्टार्चचे कण फुगतात, पेशी एकमेकींपासून सुटतात, म्हणून तो कोरडा आणि मोकळा लागतो. घट्ट बटाट्यात स्टार्च कमी, पेशी एकमेकींना धरून राहतात, म्हणून कापल्यावर कड स्वच्छ निघते. पिशवी फेकून दिली आणि कुठला बटाटा आहे ते आठवेना, तर एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि त्यात बटाटा सोडा. बुडाला तर वड्याचा, तरंगला तर रश्शाचा. हा प्रयोग भारतातल्या बटाट्यावरही चालतो. वडे करायच्या आधी जरूर करून बघा.

जातींची नावं बायकांची असतात असं वाटण्याइतकी तशी नावं इथे दिसतात: लिंडा, आनाबेले, बेलाना, लाउरा, गाला, आफ्रा. यांत लिंडा, आनाबेले आणि बेलाना घट्ट, लाउरा आणि गाला मधल्या, आफ्रा भुसभुशीत. लिंडाची गोष्ट तर सांगायलाच हवी. १९७४ मध्ये नोंदलेली ही पिवळीधमक, लोण्यासारख्या चवीची जात. तिच्यावरचा बियाणं कंपनीचा हक्क ३० वर्षांनी संपत आला, तेव्हा २००४ मध्ये कंपनीने तिची नोंदणीच मागे घेतली. नोंदणी नाही म्हणजे बियाणं विकता येत नाही. शेतकरी आणि खाणारे दोघेही खवळले, ‘लिंडा वाचवा’ अशी मोहीम उभी राहिली, आणि २०१० मध्ये जर्मनीत ती पुन्हा नोंदली गेली. एका बटाट्यासाठी लोक इतकं भांडले याचा आम्हाला मनापासून आदर वाटतो. प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याने १७५६ मध्ये बटाटा लावण्याचा हुकूम काढला होता, आणि पॉट्सडॅमला त्याच्या समाधीवर लोक आजही बटाटे ठेवतात. अशा देशात हे शोभतंच.

आता स्वयंपाक. बटाटेवड्यासाठी निळी पिशवी, मेलिशकोखेंड. एक किलोत साधारण वीस वडे होतात. बटाटे सालासकट, सारख्या आकाराचे घ्या आणि गार पाण्यात घालून उकडायला ठेवा. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून फुटतात आणि आत कच्चे राहतात. मध्यम बटाट्याला उकळी आल्यापासून २० ते २५ मिनिटं लागतात. कुकर लावायचा असेल तर बटाटे पाण्यात बुडवू नका, डब्यात ठेवून वाफेवर शिजवा. या बटाट्याचं साल चटकन तडकतं आणि तो पाणी पितो. उकडले की सगळं पाणी ओता, भांडं झाकण न लावता पुन्हा गरम शेगडीवर दोन मिनिटं ठेवा आणि हलवत राहा. सालावरचं पाणी वाफ होऊन जातं, साल मॅट आणि कोरडी दिसायला लागते. जर्मन सुगरणी क्नोडेल नावाच्या बटाट्याच्या गोळ्यांसाठी हेच करतात, आणि वड्याचं अर्धं यश याच दोन मिनिटांत आहे. सारणात ओल राहिली की तेलात तिची वाफ होते आणि बेसनाचं कवच फोडून बाहेर येते.

बटाटा गरम असतानाच सोला आणि हाताने जाडसर कुस्करा. मिक्सर अजिबात नको. पात्याने पेशी फाटतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि सारणाचा डिंक होतो, तो मग कशानेही सुधारत नाही. लिंबू शेवटी, पाण्याचा थेंबही नको. घरात हिरवीच पिशवी असेल आणि वडे करायचेच असतील, तर किलोमागे दोन-तीन मोठे चमचे भाजलेल्या पोह्यांची पूड मिसळा, दहा मिनिटं थांबा आणि मग वळा. वडा होतो, पण आतला मऊ भुसभुशीतपणा येत नाही. पराठ्यांनाही हाच नियम.

काचऱ्यांसाठी मात्र हिरवी पिशवीच. अर्धा किलो बटाट्याच्या ३ मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा, दोन पाण्यांतून धुवा आणि फडक्यावर खरोखर कोरड्या करा. पसरट कढईत तीन मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, मग काचऱ्या. पाच मिनिटं झाकण, मग झाकण काढून टाका. सारखं ढवळू नका, तळाला लागलेली खरपूस बाजू सुटू द्या. मीठ शेवटी, कारण आधी घातलं की पाणी सुटतं आणि काचऱ्या परतल्या न जाता वाफवल्या जातात.

याच्या शेजारी जर्मनांचा ब्राटकार्टोफेल्न ठेवून बघावा. तो आदल्या दिवशीच्या बटाट्याचा करतात. घट्ट बटाटे सालासकट उकडून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे, सकाळी सोलून ४-५ मिलिमीटरच्या चकत्या करायच्या आणि लोखंडी तव्यावर तुपात एका थरात परतायच्या. गार झाल्यावर स्टार्च घट्ट बसतो, त्यामुळे चकती मोडत नाही आणि तिला सोनेरी कड येते. कांदा अर्ध्या वाटेवर घाला, नाहीतर बटाटा लाल होईपर्यंत तो करपतो. मोहरी-हिरवी मिरचीची फोडणी देऊन हीच भाजी केली तर पोळीबरोबर अप्रतिम लागते. हॉटेलात मागवताना शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं, कारण यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे सर्रास असतात. बटाट्याच्या सॅलडचंही तसंच. उत्तरेकडे मेयोनेझ घालतात, दक्षिणेकडे व्हिनेगर आणि गरम रस्सा, आणि तो रस्सा बरेचदा मांसाचा असतो.

रस्साभाजीत बटाटा शिजेना, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा चिंच किंवा टोमॅटो आधी पडलेला असतो. आंबटात पेशींना जोडणारा पदार्थ मऊ पडत नाही, त्यामुळे फोड तासभर उकळली तरी दातांखाली कचकन लागते. बटाटा आधी शिजवा, चिंचेचा कोळ नंतर. इथल्या अनेक शहरांचं पाणी जड आहे, त्यानेही शिजायला जरा जास्त वेळ लागतो.

उपासाच्या किसाला हिरवी किंवा लाल पिशवी घ्या. कीस दोनदा धुवून घट्ट पिळा, तुपात जिरं-मिरची घालून परता, दाण्याचं कूट शेवटी. निळ्या पिशवीचा कीस गोळा होऊन बसतो. पिळलेलं पाणी लगेच ओतू नका. दहा मिनिटांत तळाशी पांढरा स्टार्च बसतो. वरचं पाणी काढून तो उपासाच्या थालीपिठात घाला, पीठ छान बांधलं जातं. अंडं आणि मैदा न घालता जर्मन कार्टोफेलपुफर, म्हणजे किसलेल्या बटाट्याची धिरडी, याच स्टार्चवर जमतात. तयार बटाटा स्टार्चही इथे प्रत्येक दुकानात मिळतो.

त्याच पुड्यातून सुती साडीला खळही होते. एक मोठा चमचा स्टार्च अर्धी वाटी गार पाण्यात कालवायचा आणि एक लिटर उकळत्या पाण्यात ढवळत ओतायचा. पारदर्शक झालं की उतरवा आणि गाळून कोमट करा. स्टार्च थेट गरम पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात आणि साडीवर पांढरे डाग पडतात. आमटी खारट झाली म्हणून बटाटा टाकण्याचा उपाय मात्र सोडून द्या. बटाटा खारट पाणी शोषतो, उरलेली आमटी तितकीच खारट राहते. पाणी आणि डाळ वाढवणंच खरं. खोकल्यावर उकडलेले बटाटे कुस्करून फडक्यात बांधून छातीवर ठेवायची इथे जुनी पद्धत आहे. ते करणार असाल तर पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. बटाटा आतून फार वेळ गरम राहतो आणि सहज भाजतं. लहान मुलांना तर नकोच. मुलांसाठी बटाट्याचे ठसे आहेत ना! अर्ध्या बटाट्यावर पणती कोरा, कापलेली बाजू कागदाने टिपून कोरडी करा आणि दिवाळीची शुभेच्छापत्रं छापा.

साठवणीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सगळ्यात जास्त नासाडी होते. कच्चा बटाटा फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तो तळला की आत शिजायच्या आधीच तपकिरी, कडवट होतो. वेफर्स लालभडक होण्याचं कारण हेच. इमारतीच्या तळघरातली अंधारी, कोरडी, गार जागा उत्तम. प्लास्टिक काढा, कागदी किंवा तागाच्या पिशवीत ठेवा. कोंब येऊ नयेत म्हणून पूर्वी वापरलं जाणारं क्लोरप्रोफाम हे रसायन युरोपीय संघात २०२० पासून बंद आहे. तरीही साल खाणार असाल तर ‘काढणीनंतर प्रक्रिया केलेला’ अशा अर्थाची जर्मन ओळ पिशवीवर नाही ना, ते बघा. कोंब बारीक आणि बटाटा टणक असेल तर कोंबाभोवतीचा भाग खोल कोरून काढून वापरता येतो. बटाटा बराच हिरवा झालेला, सुरकुतलेला किंवा चवीला कडू असेल तर सरळ टाकून द्या. त्यातलं सोलॅनिन हे विष उकडून किंवा तळून जात नाही, आणि असे बटाटे उकडलेलं पाणी रश्शात किंवा कणकेत वापरू नका.