पुढचे ड्रम काढून डिस्क : काम मास्टर सिलिंडरपर्यंत आले

गाडीच्या पुढच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवायचे काम चालू आहे. हब (चाक ज्यावर बसते तो भाग) आणि कॅलिपर धरणारे ब्रॅकेट झाले. ब्रॅकेट १० मिमी जाड स्टील प्लेटचे, बोल्ट १०.९ ग्रेडचे. कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे भाग, भंगारातले, सिंगल पिस्टनचे. पिस्टनवर गंजाचे खड्डे नव्हते म्हणून नुसत्या सील किटवर भागले. खड्डे असतील तर पिस्टनही बदलायचा, नाहीतर नवे सीलही गळते. डिस्क, पॅड आणि होज मात्र नवेच. तिथे पैसे वाचवू नयेत.

ब्रॅकेट पक्के करण्याआधी रिम चढवून चाक हाताने फिरवा, विशेषतः १३ इंची रिम असेल तर. कॅलिपर कुठे घासतो ते तेव्हाच कळते. डिस्क बसवण्याआधी हबचा चेहरा घासून लख्ख करा. गंजाचा पापुद्रा राहिला तरी डिस्क डगडगते आणि पेडल थरथरते. डायल गेजवर (डगडग मोजायचे घड्याळी माप) ती ०.१ मिमीच्या आत आली की पुरे.

आता खरा प्रश्न मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल लाइनमध्ये ढकलणाऱ्या सिलिंडरचा. स्वस्तातले बहुतेक बदल इथेच फसतात. ड्रम ब्रेकच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये बऱ्याचदा लाइनमध्ये साधारण १० पीएसआय (दाबाचे एकक) दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. डिस्कला तो घातक आहे. पॅड मागे घेणारी स्प्रिंग इथे नसते, पिस्टनचे सीलच त्याला किंचित मागे ओढते. दाब राहिला की पॅड घासत राहतात, डिस्क तापते, ब्रेक ऑइल उकळते आणि पेडल खाली जाते. म्हणून पुढच्या लाइनमधून तो काढायचा, मागच्या ड्रमसाठी ठेवायचा. मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असेल तर पुढे २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लावायचा.

बोअर, म्हणजे मास्टर सिलिंडरचा आतला व्यास, निवडताना घाई नको. ड्रमच्या फिरण्याच्या जोरावर शू (ड्रमला आतून घासणारा भाग) स्वतःच ड्रमवर आणखी घट्ट दाबला जातो. डिस्कमध्ये सगळा जोर पायाचा. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नसताना ३/४ इंचाऐवजी १ इंची बोअर लावला तर तेवढ्याच जोरात दाब जेमतेम ५६ टक्के मिळतो आणि पेडल दगडासारखे लागते. उलट बोअर फारच लहान घेतला तर कॅलिपरला पुरेसे ऑइल जात नाही, पेडल खोल जाते. सिलिंडर टँडम, म्हणजे दोन वेगळ्या लाइनचा घ्या, म्हणजे एक लाइन फुटली तरी दुसरी धरते.

राहिले मागचे चाक. ते आधी लॉक झाले तर गाडी गिरकी घेते, म्हणून मागच्या लाइनमध्ये ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, म्हणजे मागचा दाब हवा तेवढा कमी करणारा व्हॉल्व्ह घालायचा. लाइनमधली एअर काढताना निपल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे ना ते बघा. डावा-उजवा कॅलिपर उलटा बसला असेल तर निपल खाली येते आणि कितीही पंप केले तरी हवा निघत नाही.